पातेल्यातलं घड्याळ

पोट बिघडून दवाखान्यात आलेल्या माणसाला माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "जेवलात किती वाजता आणि त्रास सुरू झाला किती वाजता?" लोक पदार्थांची नावं सांगू लागतात. पनीर होतं, बासुंदी होती, बाहेरची चटणी होती. पदार्थ मी नंतर विचारतो, आधी तास मोजतो. जेवणानंतर दोन-तीन तासांतच उलट्यांवर उलट्या सुरू झाल्या असतील, तर ताटात येण्याआधीच अन्नात विष तयार झालेलं असावं. रात्री जेवून पहाटे पोटात कळा आणि पाण्यासारखे जुलाब, उलटी जवळपास नाही, तापही नाही, असं असेल तर विचारतो, रस्सा केवढ्या टोपात होता? चुलीवरून उतरवला कधी आणि वाढला कधी? जंतूंची वाढ वेळ आणि तापमान यांच्या हिशेबाने होते. म्हणूनच ती आधी मोजता येते.

एका वाचक ताईंनी लिहिलंय, "रात्रीचा भात आम्ही ओट्यावर झाकून ठेवतो आणि सकाळी फोडणीचा भात करतो. आजीपासून असंच चालत आलंय, कधी कुणाला काही झालं नाही. मग आता का घाबरायचं?" ताईंचा प्रश्न रास्त आहे. 'शिळं खाऊ नका' असं म्हणून तो उडवून लावणं मला पटत नाही.

तांदळाच्या दाण्यावर शेतातल्या मातीतून बॅसिलस सेरिअस नावाच्या जंतूचे बीजाणू आलेले असतात. बीजाणू म्हणजे कवचात झोपलेला जंतू. भात शिजताना बाकीचे जंतू मरतात, पण हे बीजाणू तगतात आणि उष्णतेने उलट जागे होतात. भात कोमट झाला की ते कवचाबाहेर येऊन वाढू लागतात. तोवर त्यांच्याशी स्पर्धा करणारं तिथे कुणी उरलेलं नसतं. १९७० च्या दशकात इंग्लंडमध्ये चिनी हॉटेलांतला फ्राइड राइस खाऊन लोक आजारी पडू लागले, तेव्हा हा प्रकार नीट उलगडला. तिथले आचारी भात आदल्या दिवशी शिजवून बाहेरच ठेवायचे, कारण फ्रिजमध्ये शितं एकमेकांना चिकटतात. गिऱ्हाईक आलं की तोच भात कढईत परतून द्यायचा. आपला फोडणीचा भात याहून वेगळा कुठे आहे? परतल्याने जंतू मेलेही असतील, पण त्यांनी सोडलेलं उलटीचं विष १२१ अंशांवर दीड तास ठेवलं तरी टिकतं. फोडणीने ते जात नाही.

मात्र नुसता जंतू असल्याने कुणी आजारी पडत नाही, संख्या वाढावी लागते. नॉर्वेचे स्टाइनर हाउगे यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर हे स्वतःवरच पडताळून पाहिलं. ओस्लोत एका रुग्णालयात आदल्या दिवशी करून बाहेर ठेवलेला व्हॅनिला सॉस खाऊन पुष्कळ लोक आजारी पडले होते. हाउगेंनी तसाच सॉस केला, त्यात हा जंतू सोडला, सॉस उबदार जागी वाढू दिला आणि २०० मिलिलिटर पिऊन टाकला. एका मिलिलिटरमध्ये ९ कोटींहून अधिक जंतू होते. १३ तासांनी त्यांना कळा आणि जुलाब सुरू झाले. (हे कुणीही घरी करू नये!)

तेव्हा खरा प्रश्न असा की संख्या कोणत्या वेगाने वाढते? १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात डेव्हिड रॅटकोव्स्की, जून ऑली, टॉम मॅकमीकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी एक सुटसुटीत सूत्र मांडलं. प्रत्येक जंतूचं एक किमान तापमान असतं, त्याखाली त्याची वाढ थांबते. त्या किमानाच्या वर जितके अंश चढाल, त्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढीचा वेग चढतो. जंतूला सर्वांत मानवणारं तापमान येईपर्यंत हे गणित चालतं. किमान ५ अंश धरा. १५ अंशांवर आपण १० अंश वर आहोत, वर्ग १००. ३५ अंशांवर ३० अंश वर, वर्ग ९००. तापमान दुपटीहून थोडं जास्त झालं आणि वेग नऊपट झाला.

आता हे ताईंच्या ओट्यावर लावून पाहू. मे महिन्यातलं ३५ अंशांचं स्वयंपाकघर. भात रात्री नऊला उतरवला, एका ग्रॅममध्ये १०० जंतू धरले, जागं व्हायला दोन तास आणि पुढे दर अर्ध्या तासाला दुप्पट. दहा वेळा दुप्पट झाले की हजारपट होतात. म्हणजे पहाटे चारला ग्रॅममागे १ लाख, आणि १ लाख हा धोक्याचा आकडा मानतात. ताई तेव्हा झोपलेल्या असतात. तोच भात डिसेंबरात, १५ अंशांच्या स्वयंपाकघरात, छोट्या पातेल्यात असेल तर तो पटकन निवतो आणि दुप्पट व्हायला अर्ध्या तासाऐवजी साडेचार तास लागतात. सकाळपर्यंत फार तर एक-दोनदा. आजीचा अनुभव खोटा नव्हता. तो तिच्या पातेल्यापुरता आणि तिच्या थंडीपुरता खरा होता. मुंबईत, कोकणात बहुतेक रात्री १५ अंश दिसतही नाहीत.

हे आकडे मी समजण्यासाठी सोपे केले आहेत. खऱ्या सूत्रांत आंबटपणा, मीठ आणि अन्नातला ओलावाही येतो. २००३ पासून 'कॉमबेस' नावाचा माहितीसाठा इंटरनेटवर मोफत खुला आहे. कोणता जंतू, किती तापमान, किती आंबट, किती खारट हे भरलं की वाढीची रेघ समोर येते. त्यामागे प्रयोगशाळांतल्या हजारो मोजण्या आहेत. कारखान्यात शीतगृह रात्री तीन तास बंद पडलं तर माल ठेवायचा की फेकायचा, हे ठरवायला अशी सूत्रं वापरतात. तुमच्या पातेल्यात आत्ता विष आहे की नाही, हे मात्र कोणतंही सूत्र सांगू शकत नाही. नाकही सांगत नाही. लाखांनी जंतू असलेल्या भाताला वास ताज्या भातासारखाच येऊ शकतो. 'वास घेऊन बघितलं, चांगला होता' हे वाक्य मी दवाखान्यात फार वेळा ऐकलंय.

आंबटपणाचं आपल्या बायकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. आंबलेल्या इडलीच्या पिठात, आंबट दह्यात कालवलेल्या भातात या जंतूला वाढणं अवघड जातं. कडक वाळलेल्या भाकरीत त्याला पाणीच मिळत नाही. म्हणून शिळी भाकरी आणि शिळा भात यांना एका पारड्यात तोलू नका.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती मोठ्या टोपांची. जत्रेचं मटण, महाप्रसादाची आमटी, लग्नाचा मसालेभात. मोठ्या रश्श्यात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स नावाचा जंतू आपलं बस्तान बसवतो. त्याचेही बीजाणू उकळीतून वाचतात, आणि उकळल्याने प्राणवायू निघून गेलेला असतो, जो त्याला नकोच असतो. ४५ अंशांच्या आसपास तो साधारण १० मिनिटांत दुप्पट होतो, म्हणजे शंभर मिनिटांत हजारपट. खोल टोप या तापमानातून फार सावकाश जातो. दुपारी उतरवलेल्या भाताच्या टोपाला संध्याकाळी वरून हात लावा, गार लागेल. झाऱ्याने मधला भात उकरा, वाफ निघेल. ती वाफ निघते तिथेच, मध्यापासून कडेपर्यंतच्या कोमट पट्ट्यात, जंतूंची चंगळ चाललेली असते.

घट्ट पदार्थाच्या मध्यातली उष्णता बाहेर पडायला लागणारा वेळ थराच्या जाडीच्या वर्गाने वाढतो. थर निम्मा केला की वेळ साधारण चौथ्या हिश्शावर येतो. त्यामुळे आचाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की उरलेलं अन्न टोपात ठेवू नका, परातींत चार बोटं जाडीत पसरा, पंख्याखाली ठेवा, रस्सा असेल तर भांडं गार पाण्यात ठेवून ढवळा. केटररांसाठी एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा दंडकही हेच सांगतो : वाढायचं गरम अन्न ६० अंशांच्या वर, थंड अन्न ५ अंशांच्या आत, आणि ठेवायचं अन्न ६० वरून २१ अंशांवर दोन तासांत आणायचं. लग्नघरातून रात्री बाराला उरलेलं अन्न वस्तीत वाटणाऱ्यांचा हेतू फार चांगला असतो. ते नऊला वाटा, गरम असताना वाटा.

घरी तासाभरात भात-आमटी उथळ डब्यांत काढून फ्रिजमध्ये टाका. किंचित कोमट डब्याने फ्रिज बिघडत नाही. दुसऱ्या दिवशी लागेल तेवढंच काढा आणि खदखदून गरम करा. त्याने रश्श्यातला परफ्रिन्जेन्स मरतो. रात्रभर बाहेर राहिलेल्या भाताचं विष मात्र तसंच राहतं, तेव्हा उन्हाळ्यात तो भात टाकून द्या. गरोदर बायकांनी फ्रिजमधलंही चार-चार दिवसांचं खाऊ नये, कारण लिस्टेरिया नावाचा जंतू फ्रिजच्या थंडीतही हळूहळू वाढतो आणि पोटातल्या बाळाला इजा करतो.

एवढं करूनही पोट बिघडलं तर घोट घोट ओआरएस सुरू करा. जुलाब थांबवायची गोळी किंवा घरात उरलेलं अँटिबायोटिक आपल्या मनाने घेऊ नका. शौचात रक्त, जोराचा ताप, सहा तासांत लघवी नाही, डोळे खोल गेलेले, पाणीही पोटात ठरत नाही, यांपैकी काहीही दिसलं तर लगेच डॉक्टरकडे जा. तान्हं बाळ, म्हातारं माणूस, गरोदर बाई किंवा मधुमेही असेल तर एवढीही वाट पाहू नका. आणि येताना एका चिठ्ठीवर तीन वेळा लिहून आणा : शिजवलं कधी, खाल्लं कधी, पहिली उलटी किंवा जुलाब कधी.