चालीचा धनी कोण?

गतवर्षीच्या स्नेहसंमेलनातील स्वागतपद आम्ही बसविले होते, व कार्यक्रमपत्रिकेत त्यावर 'चाल : स्वतंत्र' असे छापविले होते. समारंभ आटोपल्यावर एका विद्यार्थ्याची आजी आम्हांस म्हणाली, "गुरुजी, ही तर आमच्या जात्यावरची चाल!" तिने दोन ओळी गुणगुणून दाखविल्या. चाल तीच होती. उदगीरच्या शेजारी, आमच्या बालपणी, पहाटे ऐकलेले ते सूर कानात राहिले होते, आणि आम्ही ते आपलेच समजलो. तेव्हा चालीचा धनी कोण, हा प्रश्न आज विचारास घेऊ.

आपल्याकडील उदाहरण मुंबईचे आहे. संगीतकार राम संपत यांनी भ्रमणध्वनीच्या एका जाहिरातीसाठी बांधलेली चाल 'क्रेझी ४' या चित्रपटाच्या गाण्यांत विनापरवानगी घेतली, अशी त्यांची फिर्याद होती. एप्रिल २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती गाणी ठेवून चित्रपट दाखविण्यास तात्पुरती मनाई केली. घेतलेले स्वर किती, यापेक्षा ते चालीचा गाभा आहेत काय, हे महत्त्वाचे ठरले. पुढे दोन कोटी रुपयांवर तडजोड झाली.

परंतु अजाणता घेतले तर? जॉर्ज हॅरिसन यांच्या 'माय स्वीट लॉर्ड' (१९७०) या जगभर गाजलेल्या रॉक गीतावर असाच दावा झाला. मूळ गाणे 'हीज सो फाइन' हे १९६३ साली शिफॉन्स या गायिकांनी गाजविले होते. पेटीवर 'प ग रे' वाजवून पाहा. मग 'प ध सां ध सां' वाजवा. हे सर्व स्वर आपल्या भूपातलेच. त्यांवर कोणाचीही मालकी नाही. परंतु दोन्ही गाण्यांत पहिला तुकडा चार वेळा येतो, त्यामागून दुसरा तीन-चार वेळा येतो, आणि त्यात एक बारीकशी हरकतही सारखीच आहे. न्यायाधीश रिचर्ड ओवेन हे स्वतः संगीतरचनाकार होते. हॅरिसन यांनी जाणूनबुजून चोरी केली नाही, ऐकलेले गाणे त्यांच्या सुप्त मनातून उमटले, असे त्यांनी १९७६ साली ठरविले. तरी जबाबदारी टळली नाही. स्वर व राग सर्वांचे. त्यांची विशिष्ट गुंफण मात्र रचनाकाराची, असा याचा अर्थ.

आपल्या १९५७ च्या कायद्याप्रमाणे रचनाकाराचा हक्क त्याच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. ओवीची चाल कोणा अज्ञात मायबहिणीची. तिच्या वतीने न्यायालयात कोणी जाणार नाही. म्हणूनच तेथे आपल्या प्रामाणिकपणाची खरी परीक्षा होते. जुन्या मराठी संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या माथ्यावर 'चाल' असे लिहून मूळ गाण्याचा उल्लेख करीत. दुसऱ्याची चाल घेणे त्यांना कमीपणाचे वाटले नाही. तिचे नाव सांगण्यास ते चुकले नाहीत, इतकेच.

तस्मात् आमची चूक येथे दुरुस्त करतो. सदर स्वागतपदावर 'चाल : जात्यावरील ओवीची' असे वाचावे. विद्यार्थ्यांनीही यंदा पद बसविताना प्रथम घरातील वडीलधाऱ्यांस ते म्हणून दाखवावे, आणि मगच त्याखाली आपले नाव घालावे.