माफीनाम्यातून फुटलेली बातमी

चि. मुग्धा,

सर्व्हर सांभाळायचं काम तुझ्याकडे आल्याचं ताईने फोनवर सांगितलं. एरर पेजवरून अपाचेची आवृत्ती काढून टाकली, आता आणखी काय झाकायचं, हा तुझा प्रश्नही तिने पोचवला. काढलीस ते बरं केलंस. ‘सर्व्हरसिग्नेचर’ आणि ‘सर्व्हरटोकन्स’, दोन ओळींचं तर काम. पण खरी बातमी बहुधा तिथून फुटत नाही.

अपाचेचंच २०१२ सालचं प्रकरण बघ. लॉगिनची कुकी पानावरच्या जावास्क्रिप्टला वाचता येऊ नये म्हणून तिच्यावर ‘एचटीटीपी-ओन्ली’ अशी खूण करतात. मग ब्राउझर ती फक्त सर्व्हरला देतो. बंदोबस्त चांगला होता. पण पानात घुसलेली चोरटी स्क्रिप्ट त्याच साइटच्या नावाने लांबलचक, निरर्थक कुक्या भरायची आणि विनंती पाठवायची. अपाचेत एका हेडरची नेहमीची मर्यादा ८१९० बाइटची. ती ओलांडली की सर्व्हर ४०० क्रमांकाची चूक दाखवायचा: हेडर फार मोठा आहे. इथवर ठीक. पुढे मात्र, कोणता हेडर म्हणून विचाराल तर हा घ्या, अशा भाबडेपणाने तो हेडरच पानावर छापायचा. लपवलेल्या कुकीसकट! स्क्रिप्टला फक्त ते उत्तर वाचायचं उरे. २.२.० पासून २.२.२१ पर्यंतच्या आवृत्त्यांत हा दोष होता. जानेवारीअखेर आलेल्या २.२.२२ मध्ये तो दुरुस्त झाला. ज्यांनी ४०० साठी स्वतःचं साधंसं पान आधीच लावून ठेवलं होतं, ते मात्र आयतेच वाचले.

दुसऱ्या तऱ्हेत काही छापलंही जात नाही. २००१ मध्ये रेड हॅट लिनक्सवरच्या अपाचेत असं दिसलं, की सर्व्हरवर खातं असलेल्या पण वेबफोल्डर न केलेल्या माणसाचं नाव पत्त्यात घातलं तर ४०३ यायचा, आणि खातंच नसेल तर ४०४. ‘साहेब घरी नाहीत’ आणि ‘असं कुणी इथे राहत नाही’ यांतला फरक टेहळणीला आलेल्याला बरोबर कळतो.

या फरकाचा कळस २०१० च्या सप्टेंबरात झाला. थाई डुओंग आणि जुलियानो रिझो यांनी दाखवलं, की मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेटला मोडतोड केलेला सांकेतिक मजकूर पुन्हा पुन्हा पाठवायचा, आणि शेवटची भरती (पॅडिंग) चुकली की आणखी काही बिघडलं हे त्याने दाखवलेल्या चुकांमधल्या फरकावरून ताडायचं. एवढ्यावर किल्लीशिवाय मजकूर उलगडतो. मायक्रोसॉफ्टला नेहमीच्या मासिक वेळापत्रकाची वाट न पाहता २८ सप्टेंबरला दुरुस्ती काढावी लागली. तोवरचा तोडगा असा: सगळ्या चुकांना एकच पान, आणि तेही मुद्दाम थोडं थांबून, कमीजास्त वेळाने. उत्तराला लागलेला वेळही चुगली करतो ना!

पण म्हणून सगळंच मुकं करून टाकू नकोस. ‘काहीतरी चुकलं’ एवढंच वाचून फोन करणारा ग्राहक तुझाच जीव खाईल. पानावर एक संदर्भ क्रमांक दे. फाइलचा मार्ग, क्वेरी, स्टॅक ट्रेस सारं त्याच क्रमांकाखाली लॉगमध्ये जाऊ दे. त्या लॉगमध्ये पासवर्ड आणि कुक्या उतरत नाहीत ना, तेही बघ.

आणि तुमचं ‘पासवर्ड विसरलात?’ हे पान आजच उघड. एकदा खरा ईमेल टाक, एकदा खोटा. दोन्ही उत्तरं शब्दाला शब्द लावून बघ, आणि वेळही मोज. काय निघतं ते कळव.

तुझा,
मामा