पैशाविना गाव : किबुत्झचा अनुभव आणि आपण

(सभासद शिक्षण वर्गासाठी अभ्यास-लेख)



ट्रॅक्टरने नांगरट होते, मोटार पाणी उपसते, आता उसाच्या तोडणीलाही यंत्र आले आहे. अशा काळात तरुण मंडळी एक प्रश्न वारंवार विचारतात. जमीन, पाणी, यंत्रे सगळ्यांची सामाईक केली, ज्याने त्याने झेपेल तेवढे काम केले आणि ज्याला जे लागेल ते त्याने घेतले, तर पैशाची गरजच काय? पैसाच नसेल तर सावकार नाही, व्याज नाही आणि उसाच्या बिलाची वाट बघत बसणेही नाही.

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. असा समाज काही लोकांनी प्रत्यक्ष उभा केला आणि दोन-तीन पिढ्या चालवून दाखवला. ते लोकही आपल्यासारखे शेतकरी होते आणि पाण्याला मोताद होते. म्हणून त्यांचा अनुभव आपण नीट तपासून पाहू.

आपला जुना बिनपैशाचा गाव

आधी घरचे उदाहरण घेऊ. आपल्या गावगाड्यात पैसा फार थोडा फिरे. सुताराने औत भरायचे, लोहाराने फाळ शेवटायचा, कुंभाराने मडकी द्यायची आणि सुगीला खळ्यावर प्रत्येकाने आपले बलुते धान्यात न्यायचे. वर्षभर कुणी कुणाला रोख मोजत नसे.

पण हा गाव समतेचा होता का? मुळीच नाही. कुणी कोणते काम करायचे आणि खळ्यावर कुणी कितव्या नंबरला उभे राहायचे, हे जन्माने ठरे. महारवतनाच्या नावाखाली रात्रंदिवस राबवून घेतले जाई. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात या वतनाविरुद्ध विधेयक मांडले. कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा व्हायला मात्र १९५८ साल उजाडले.

यातून पहिला धडा घ्यायचा तो असा. पैसा काढून टाकला म्हणजे अन्याय आपोआप जात नाही. वाटा कोण ठरवतो आणि ठरवताना कुणाला बोलता येते, हे आधी पाहिले पाहिजे.

देगानिया : १९१०

किबुत्झ म्हणजे सामुदायिक वस्ती. पहिली वस्ती देगानिया. गॅलिली सरोवराच्या दक्षिण काठी, जॉर्डन नदीजवळ, १९१० साली दहा पुरुष आणि दोन स्त्रियांनी ती सुरू केली. ही पूर्व युरोपातून आलेली ज्यू तरुण मंडळी. शेतीचा अनुभव बेताचा, अंगाला ऊन सोसत नव्हते आणि हिवतापाने माणसे झडत होती. एकट्याने तगणे शक्य नव्हते, म्हणून सगळे मिळून करायचे ठरले. म्हणजे तत्त्वाइतकाच गरजेचाही त्यात भाग होता.

जमीन कुणा एकाच्या नावावर नव्हती. ज्यू राष्ट्रीय निधी या १९०१ साली स्थापन झालेल्या संस्थेने ती विकत घेतली होती व वस्तीला वहिवाटीस दिली होती. पुढे अशा वस्त्या वाढत गेल्या. आज इस्रायलमध्ये सुमारे २७० किबुत्झ आहेत.

इथे एक गोष्ट झाकून ठेवता कामा नये. १९४८ च्या युद्धानंतर अनेक किबुत्झ विस्थापित पॅलेस्टिनी अरबांच्या जमिनींवर उभे राहिले. आतल्यांसाठी समता आणि कुंपणाबाहेरच्याचे काय, हा प्रश्न या चळवळीला पहिल्यापासून चिकटलेला आहे.

रोजचा कारभार कसा चाले?

सभासदाला पगार नव्हता. तो गोठ्यात काम करो, स्वयंपाकघरात करो, की कारखान्याचा व्यवस्थापक असो, त्याला मिळायचे ते सारखेच. जेवण सामुदायिक भोजनगृहात. कपडे सामाईक धुलाईघरात धुतले जात आणि भांडारातून मिळत. घर, औषधपाणी, मुलांचे शिक्षण ही सगळी जबाबदारी किबुत्झची. वर थोडा हातखर्च मिळे. बऱ्याच किबुत्झांत मुले रात्रीही आईबापांजवळ न झोपता बालगृहात झोपत. ही प्रथा पुढे आयांनीच नको म्हटली आणि १९९० च्या दशकापर्यंत ती संपली.

रोजचे काम कुणी कुठे करायचे ते ठरवायला एक कामवाटप करणारा असे. आपला मुकादमच म्हणा ना! फरक एवढाच, की हा मुकादम सभासदांनीच निवडलेला असे आणि मुदत संपली की पुन्हा सगळ्यांबरोबर कामाला जाई. भांडी घासण्याची पाळी सर्वांना येई.

सर्वसाधारण सभा साधारणपणे दर आठवड्याला भरे. नवा ट्रॅक्टर घ्यायचा की गोठा बांधायचा, कुणाच्या मुलाला उच्च शिक्षणाला पाठवायचे, हे सगळे सभेत ठरे. आपली सभा वर्षातून एकदा, आणि तिथेही "मंजूर, मंजूर" म्हणून आपण जेवायला उठतो. तुलना ज्याची त्याने करावी.

आणि हे विशेष लक्षात ठेवा : पैसा नव्हता, तरी हिशेब होता. कोणत्या पिकाला किती कामाचे दिवस लागले, एका दिवसाच्या कामामागे कोणत्या शाखेने किती मिळवले, याच्या नोंदी काटेकोर ठेवल्या जात. बाहेरच्या बाजारात तर किबुत्झ रोखीनेच व्यवहार करी. दूध आणि फळे विकी, बँकेचे कर्ज काढी. बिनपैशाचा कारभार होता तो फक्त कुंपणाच्या आत.

ठिबकचा जन्म

सामाईक साधनसंपत्तीतून नवे तंत्र कसे निघते याचे उदाहरण आपल्या शेतातच आहे. सिमखा ब्लास नावाच्या पाणी-अभियंत्याने पाहिले होते, की रांगेतले एकच झाड इतरांपेक्षा जोमाने वाढले आहे. शोध घेतला तर त्याच्या मुळाशी गळक्या नळीतून थेंब थेंब पाणी पडत होते. पुढे प्लॅस्टिक आले तेव्हा ब्लासने ही कल्पना कामाला लावली. पाण्याला लांब, वळणावळणाच्या अरुंद वाटेने जायला लावले, की घर्षणाने त्याचा दाब कमी होतो आणि तोंडाशी ते थेंबाने पडते. भोक अगदी बारीक ठेवावे लागत नाही, त्यामुळे ते सहज तुंबतही नाही.

१९६५ साली नेगेव वाळवंटातल्या हात्झेरिम या किबुत्झने ब्लासबरोबर करार करून नेताफिम हा उद्योग सुरू केला. जमीन रेताड, खारवट आणि पाऊस नावापुरता. एकट्या शेतकऱ्याने असा अजमावून न पाहिलेला धंदा अंगावर घेतला नसता. सगळ्यांचे नुकसान वाटले जाणार होते, म्हणून सगळ्यांनी मिळून धाडस केले. पुढे ठिबक जगभर गेले, आपल्या उसातही आले. २०१८ साली मात्र नेताफिमचा ८० टक्के हिस्सा मेक्सिकोच्या एका कंपनीने विकत घेतला.

गाडे कुठे अडले?

पहिली अडचण फुकटाची. वीज मोजली जात नव्हती, तेव्हा दिवे आणि वातानुकूलन यंत्रे चालूच राहत. भोजनगृहात ताटात वाढून घेतलेले तसेच टाकले जाई. पुढे अनेक किबुत्झांनी घरोघर मीटर बसवले आणि जेवणाला दर लावला, तेव्हा वापर खाली आला. माणसे वाईट होती असे नाही. वस्तूची टंचाई किती आहे हे सांगणारी खूणच समोर नव्हती, ती मीटरने दिली.

आपल्याकडे याहून वेगळे आहे का? बिगरमीटर शेतीपंपाची आकारणी अश्वशक्तीवर होते. मोटार दोन तास चालो की आठ तास, आकडा तोच. २०२४ साली तर राज्य शासनाने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीजबिलमाफीची योजना जाहीर केली. शेतकऱ्याला तिचा आधार आहे, हे खरे. पण भूजल सगळ्या शिवाराचे आहे आणि उपसताना ते मोजणारे कुणी नाही, हेही तितकेच खरे.

दुसरी अडचण हुशार माणसाची. सगळ्यांना सारखेच मिळणार असेल, तर ज्याला बाहेर जास्त मिळते तो निघून जातो. रान अब्रामित्स्की या अर्थशास्त्रज्ञाने किबुत्झांचा बारकाईने अभ्यास करून २०१८ साली ग्रंथ लिहिला. अधिक शिकलेले आणि कसबी लोक तुलनेने जास्त बाहेर पडले, आणि जे किबुत्झ सधन होते त्यांच्यात समान वाटप जास्त टिकले, असे त्यांना आढळले.

तिसरी अडचण रोजंदारीची. कारखाने वाढले तसे बाहेरचे मजूर ठेवावे लागले. मजूर पगारी आणि सभासद मालक, मग समतेचे काय, यावर सभांमधून वर्षानुवर्षे वाद झाले.

चौथी अडचण कर्जाची. १९८४ साली इस्रायलमध्ये महागाईवाढ वर्षाला ४०० टक्क्यांवर गेली. १९८५ साली शासनाने ती कडक उपायांनी रोखली, पण व्याजाचे दर भडकले आणि किबुत्झ कर्जात बुडाले. १९८९ आणि १९९६ साली बँका, शासन व किबुत्झ यांच्यात कर्जफेडीचे करार करावे लागले. सगळ्यांत जास्त पोळले ते म्हातारे सभासद. आयुष्यभर राबले, स्वतःच्या नावावर काही ठेवले नाही, आणि अनेक ठिकाणी निवृत्तिवेतनाची तरतूदच नव्हती. "सगळे माझे आहे" म्हणत जगलेल्या माणसाला उतारवयात "माझे काय आहे?" असे विचारायची पाळी आली.

यानंतर बहुसंख्य किबुत्झांनी कामाप्रमाणे कमी-जास्त वेतन सुरू केले. खुद्द देगानियाने २००७ साली तोच निर्णय घेतला. मात्र म्हातारे, आजारी व कमी मिळकतीचे यांच्यासाठी सामाईक निधी ठेवला गेला. थोडे किबुत्झ आजही जुन्या पद्धतीने चालतात.

मग प्रयोग फसला म्हणायचा का?

तसे म्हणता येणार नाही. सत्तर-ऐंशी वर्षे हजारो कुटुंबे पगाराशिवाय जगली, शिकली, नवे तंत्र काढू शकली. ही सामान्य गोष्ट नव्हे. तो प्रयोग टिकला तो वस्ती लहान असताना, सगळे एकमेकांना ओळखत असताना, सभा नियमित होत असताना आणि नव्या माणसाला पारखून सभासद करून घेत असताना. यंत्रांनी श्रम वाचवले. पण पाणी, जमीन व वीज यांची मर्यादा यंत्राने नाहीशी होत नाही, आणि मर्यादित वस्तूची वाटणी करावीच लागते. पैसा नको असेल तर दुसरे माप हवे.

असे माप आपल्या मातीतही निघाले आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचे काम उभे केले. नियम साधे होते. पाणी जमिनीच्या एकरांवर नाही, घरातल्या माणसांवर वाटायचे : माणशी अर्धा एकर भिजेल एवढे, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. जमीन विकली तरी पाणी तिच्याबरोबर विकता येणार नाही. आणि उसाला या पाण्यात जागा नाही!

आपण ऊसवाले आहोत म्हणून हा शेवटचा नियम कडू लागतो. पण तो टाळून पुढे जाता येणार नाही. राज्यातल्या पिकाखालच्या जमिनीचा लहानसा भाग उसाखाली आहे आणि सिंचनाच्या पाण्याचा मोठा वाटा त्याला जातो. ठिबक केले की पाटपाण्याच्या मानाने पाणी बरेच वाचते. ते वाचलेले पाणी आपण कुणाला देतो? स्वतःच्याच आणखी एकरभर उसाला दिले, तर विहिरीच्या दृष्टीने काही वाचलेच नाही. शेजाऱ्याच्या कोरडवाहू रानाला एक पाळी दिली, तर वाचले.

तसेच कुंपणाबाहेरच्या माणसाचे. आपल्या कारखान्यात सभासद मालक आहे. ऊस तोडणारा कोयता मात्र उचल घेऊन येतो, हंगामभर पालात राहतो आणि आपल्या सभेत त्याला बोलायला जागा नाही. किबुत्झला जो प्रश्न सुटला नाही, तोच हा.

उद्याच्या बिनपैशाच्या जगाचे चित्र रंगवायला हरकत नाही. पण त्याची पहिली पायरी आपल्या बांधावरच आहे. जे सामाईक आहे ते मोजायचे, मोजमाप सर्वांना दिसेल असे ठेवायचे आणि वाटणी ठरवताना ज्याचा वाटा आहे त्या प्रत्येकाला बोलावायचे.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या शिवारातील विहिरी व कूपनलिका यांच्या पाण्याची पातळी एकत्र नोंदवून गावात फळ्यावर लावता येईल का? कोण नोंदवेल?

२. ठिबकने वाचलेले पाणी कुणाचे मानावे : शेतकऱ्याचे, विहिरीचे की शिवाराचे?

३. ट्रॅक्टर, तोडणी यंत्र, फवारणी यंत्र यांपैकी काय गटाने सामाईक ठेवता येईल? पाळी कशी लावाल आणि मोडतोड कुणी भरायची?

४. ऊसतोड कामगारांचा प्रतिनिधी सभेत बोलावला तर त्याने कोणते विषय मांडावेत असे आपणास वाटते?

५. आपल्या घरातील वृद्ध सभासदांच्या नावावर आज काय आहे?

गटवार चर्चा करून उत्तरे लिहून काढावीत आणि पुढील वर्गास येताना सोबत आणावीत.