द्रव्यनामाकडून जातिनिश्चितीकडे : उष्णकटिबंधीय अमेरिकेतील दोन अभ्यास

आयुर्वेदीय चिकित्सेत द्रव्यपरिचयाचे महत्त्व वैद्यवर्गास नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. तथापि एका नावाखाली अनेक वनस्पती व्यवहारात असणे ही आपली जुनी अडचण अद्याप सुटलेली नाही. शंखपुष्पी म्हणून कोठे कॉन्व्हॉल्व्ह्युलस, कोठे इव्हॉल्व्ह्युलस, तर कोठे गोकर्ण घेतली जाते. रास्नेची कथाही तीच. जैवविविधतेने अतिसमृद्ध अशा उष्णकटिबंधीय अमेरिकेत संशोधकांना हाच प्रश्न वेगळ्या स्वरूपात भेडसावला. तेथील दोन अभ्यास वैद्य आणि औषधनिर्माते या दोघांनाही बोधप्रद आहेत. प्रस्तुत लेखात ‘जाती’ व ‘प्रजाती’ हे शब्द शास्त्रीय अर्थाने योजले आहेत. निकटच्या अनेक जाती मिळून एक प्रजाती होते.

क्युरारे : पात्रावरून पडलेले नाव

अ‍ॅमेझॉन व ओरिनोको नद्यांच्या खोऱ्यांतील मूळ रहिवासी शिकारीच्या बाणास जो विषारी घन लावत, तो क्युरारे. इ. स. १८०० मध्ये हुम्बोल्ट यांनी ओरिनोकोकाठी एस्मेराल्डा येथे त्याची निर्मिती प्रत्यक्ष पाहिली. वेलीची साल कुटून, तिचा शीतकषाय गाळून तो आटवण्याची ती रीत आपल्या रसक्रियेची आठवण करून देते. हे द्रव्य रक्तात गेल्यास स्नायू शिथिल होऊन श्वसन थांबते. अन्नमार्गातून मात्र त्याचे शोषण फारसे होत नाही, म्हणून अशी शिकार खाता येते. ते चेता आणि स्नायू यांच्या संधिस्थानी कार्य करते, हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास क्लोद बेर्नार यांच्या प्रयोगांनी दाखवले.

द्रव्याचे कर्म कळले, पण मूळ वनस्पती कोणती? युरोपात पोहोचणारा माल वनस्पतीच्या नावाने नव्हे, तर पात्रावरून ओळखला जाई : बांबूच्या नळीतील, भोपळ्यातील आणि मडक्यातील क्युरारे. भोपळ्यातील क्युरारेचे मूळ मुख्यतः स्ट्रिक्नॉस टॉक्सिफेरा ही वनस्पती. आपला कुचला याच प्रजातीचा. परंतु कुचल्यातील स्ट्रिक्नीन आक्षेप उत्पन्न करते, तर ही अमेरिकी जाती स्नायूंचा घात करते. एकाच प्रजातीतील दोन जातींचे कर्म असे परस्परविरुद्ध असू शकते, हे प्रतिनिधी द्रव्य निवडताना ध्यानी ठेवावे.

नळीतील क्युरारेची कथा अधिक उद्बोधक आहे. १९३५ मध्ये लंडन येथे हॅरोल्ड किंग यांनी संग्रहालयातील एका जुन्या नमुन्यातून ट्युबोक्युरारीन हे कार्यकारी तत्त्व शुद्ध स्वरूपात वेगळे केले. परंतु त्या नमुन्याची वनस्पती अज्ञात होती. १९३८ मध्ये रिचर्ड गिल यांनी इक्वेडोरमधून क्युरारे व त्याची वनस्पतिसामग्री आणली. २३ जानेवारी १९४२ रोजी माँट्रिऑल येथे ग्रिफिथ व जॉन्सन यांनी शस्त्रकर्मात भूल देताना स्नायुशैथिल्यासाठी क्युरारेचा प्रमाणित अर्क वापरला. १९४३ मध्ये विंटरस्टायनर व डचर यांनी निश्चित ओळख पटलेल्या कॉन्ड्रोडेन्ड्रॉन टोमेन्टोसम या वेलीतून तेच तत्त्व मिळवले, तेव्हा ही साखळी पूर्ण झाली. ही वेल गुडूची व पाठा यांच्याच कुलातील आहे. पुढे या द्रव्याची जागा कृत्रिम औषधांनी घेतली; पण ट्युबोक्युरारीन या नावात आजही वनस्पती नसून नळीच आहे.

ग्वानाकास्ते : एका नावाखाली अनेक जाती

दुसरा अभ्यास कोस्टा रिका देशाच्या वायव्येकडील ग्वानाकास्ते येथील अरण्यांचा. डॅनियल जॅन्झन व विनी हॉलवॉक्स यांनी १९७८ पासून तेथील अळ्या गोळा करून, प्रत्येक अळी कोणत्या वनस्पतीवर सापडली याची नोंद ठेवत त्यांची फुलपाखरे वाढवली. या कार्यात स्थानिक ग्रामस्थांना प्रशिक्षण देऊन सामील करून घेण्यात आले. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या प्रथम अध्यायात शेळ्या, मेंढ्या व गाई राखणाऱ्या वनवासी जनांस औषधींचे नाम व रूप ठाऊक असते असे म्हटले आहे, आणि योगज्ञान मात्र त्याहून निराळे मानले आहे. ग्वानाकास्तेत ही दोन्ही अंगे एकत्र आली.

अस्ट्रॅप्टेस फुल्जरेटर हे फुलपाखरू १७७५ पासून एकच जाती म्हणून परिचित होते. नोंदवह्यांत मात्र त्याच्या अळ्यांचे रंग भिन्न होते व त्यांची खाद्यवनस्पतीही भिन्न होती. कॅनडातील पॉल हेबर्ट यांच्यासह साडेचारशेहून अधिक नमुन्यांच्या एका ठरावीक जनुकभागाची (डीएनए बारकोड) तपासणी झाली आणि २००४ मध्ये या एका नावाखाली किमान दहा जाती असल्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. २००६ मध्ये अँड्र्यू ब्रोवर यांनी त्याच माहितीची पुनर्तपासणी करून जाती तीन ते सात असाव्यात असे प्रतिपादन केले. संख्येविषयी मतभेद राहिले, परंतु ही जाती एक नव्हे याविषयी मतभेद नव्हता. जनुकपरीक्षेला बळ मिळाले ते पंचवीस वर्षांच्या साध्या नोंदींमुळे.

आपल्यासाठी बोध

१. बाजारातील नाव म्हणजे क्युरारेचे पात्र होय. खरेदीच्या नोंदीत वनस्पतीचे शास्त्रीय नाव, प्रयोज्य अंग, संग्रहाचे स्थान व ऋतू यांचा समावेश असावा.

२. प्रत्येक खेपेचा थोडा नमुना जपून ठेवावा. ओली वनस्पती मिळत असल्यास फुलाफळांसह वाळवून तिचे हर्बेरियम पत्रक करावे व जाणकाराकडून ओळख पटवून घ्यावी. अशोकाच्या सालीत आसुपालवाची साल मिसळलेली असल्यास हाच नमुना तुलनेस उपयोगी पडतो.

३. डीएनए परीक्षेच्या मर्यादा ओळखाव्यात. वनस्पतींसाठी २००९ मध्ये आरबीसीएल व मॅट-के हे दोन जनुकभाग सुचवले गेले; तरी निकटच्या जाती त्यांनी नेहमीच वेगळ्या होत नाहीत. क्वाथ, घन वा सिद्ध घृतात डीएनए बहुधा नष्ट झालेला असतो. शिवाय ही परीक्षा जाती सांगते, द्रव्याचे वीर्य टिकून आहे की नाही ते सांगत नाही. म्हणून स्थूल व सूक्ष्मदर्शकीय परीक्षा आणि रासायनिक परीक्षा यांची जोड हवीच.

४. वनौषधी गोळा करणाऱ्यांस केवळ पुरवठादार न मानता त्यांचे निरीक्षण नोंदवून घ्यावे व त्याचा योग्य मोबदला द्यावा.

रुग्णास गुण आला नाही, तर आपण निदान, मात्रा व अनुपान यांचा फेरविचार करतो. दिलेले द्रव्य खरोखर तेच होते काय, या प्रश्नाचे उत्तर मात्र औषधशाळेच्या नोंदवहीतच सापडू शकते, आणि ती नोंद द्रव्य कुटण्यापूर्वीच व्हावी लागते.