पानाचा पाया

गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड तालुक्यात, घनदाट अरण्यात, हेमलकसा हे गाव वसलेले आहे. बाबा आमटे यांनी १९७३ साली तेथे लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे रुग्णसेवेसाठी तेथे राहू लागले, तेव्हा तेथील लोकांची माडिया भाषा त्यांना येत नव्हती. रोग्याला काय होते हे कळावे, म्हणून ती त्यांना शिकून घ्यावी लागली.

संगणकावर संकेतस्थळाचे पान रचणाऱ्यानेही वाचणारा कोण आहे व कोठे आहे, हे आधी पाहावे. नवशिक्याचे मन मात्र रंगांकडे आणि चित्रांकडे धावते. समजा, पावसाळ्यात नदीला पूर आला आणि रस्ता बंद झाल्याची सूचना एखाद्याने आपल्या पानावर दिली. अक्षरे सुबक दिसावीत म्हणून त्याने ती फलकाप्रमाणे रंगविली आणि त्या फलकाचे चित्रच पानावर घातले. हे चित्र ३ मेगाबाइटांचे आहे. अरण्यातील वाचकाच्या मोबाइलला सेकंदास १०० किलोबिट एवढाच वेग मिळत असेल, तर ते पुरते दिसण्यास ४ मिनिटे लागतील! तेवढ्यात तो घरून निघालाही असेल. तीच सूचना साध्या शंभर अक्षरांत लिहिली, तर ती सुमारे ३०० बाइटांत मावते व क्षणार्धात पोचते.

शिवाय चित्रातील अक्षरे संगणकाला अक्षरे वाटत नाहीत. त्याच्या लेखी ते नुसते रंगीत ठिपके. अंध वाचकाला पान मोठ्याने वाचून दाखविणारी आज्ञावली अशा ठिकाणी मुकी होते. चित्र द्यावयाचेच असेल, तर त्यात काय आहे ते सांगणारे एक वाक्य त्याच्या जोडीस लिहिण्याची सोय असते. ती बहुधा आळसामुळे राहून जाते.

मराठी मजकुराचे चित्र करण्याची खोड लागण्यास एक कारणही होते. पूर्वी निरनिराळ्या टंकांची संकेतयोजना निरनिराळी असे. वाचकाच्या संगणकावर तोच टंक नसला, म्हणजे शब्दांच्या जागी अर्थहीन चिन्हे दिसत. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या युनिकोड पद्धतीने देवनागरी अक्षरांना ठरावीक क्रमांक दिले. ‘क’ चा क्रमांक २३२५ आहे. तो हेमलकशात जो, तोच जिनिव्हात.

शीर्षकाचेही असेच आहे. अक्षरे नुसती मोठी व ठळक केल्याने शीर्षक होत नाही. हे शीर्षक, हा परिच्छेद, अशा खुणा एचटीएमएल भाषेत कराव्या लागतात. त्या असल्या, म्हणजे अंध वाचकालाही एका शीर्षकावरून दुसऱ्यावर थेट जाता येते.

टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत जगातील पहिले संकेतस्थळ तयार केले व १९९१ साली ते इतरांस खुले झाले. त्याच्या पहिल्या पानावर मजकूर आणि दुवे एवढेच होते. त्या पानाची जतन केलेली प्रत आजच्या मोबाइलवरही उघडते आणि वाचता येते.