चुकीच्या उत्तरामागील विचार : अध्ययन-अध्यापनातील काही गैरसमज

निवासी शाळेत शिक्षक आणि विद्यार्थी यांचा सहवास शाळेच्या वेळेपुरता मर्यादित नसतो. पहाटेच्या वंदनेपासून रात्रीच्या अभ्यासिकेपर्यंत मूल आमच्या डोळ्यांसमोर असते. ते कोठे अडते आणि कशाला घाबरते, हे आम्हाला वर्गाबाहेरही दिसते. या सहवासातून एक गोष्ट आम्हाला पटली आहे. विद्यार्थ्याच्या चुकीच्या उत्तरामागे बहुतेक वेळा एक विचार असतो. तो ऐकून न घेता मुलाला ‘ढ’ ठरविण्याइतकी हानी दुसऱ्या कशानेही होत नाही. या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्यासमोर शिक्षणाविषयीचे चार रूढ गैरसमज मांडावेत, असे आम्ही योजिले आहे.

गैरसमज पहिला : चूक म्हणजे अभ्यासाचा अभाव

‘पंचवीस’ लिहावयास सांगितल्यावर पहिली-दुसरीतील अनेक मुले ५२ लिहितात. पालकांना हा आळस किंवा दुर्लक्ष वाटते. वस्तुतः मुलाने ऐकलेल्या शब्दाचा क्रम प्रामाणिकपणे पाळलेला असतो. ‘पंच’ आधी ऐकू आले म्हणून ५ आधी लिहिले. ‘वीस’ नंतर आले म्हणून २ नंतर लिहिले. मराठीत एकक आधी बोलला जातो आणि दशक आधी लिहिला जातो, ही अडचण भाषेची आहे. आपल्या सीमाभागातील कानडी बोलणाऱ्या घरांत पंचविसाला ‘इप्पत्तैदु’ म्हणतात. तेथे वीस आधी व पाच नंतर येतो. त्या मुलाला ही अडचण कानडीत येत नाही.

याहून बोलके उदाहरण नव्याण्णवचे आहे. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणनव्वद असे म्हणत आलेले मूल अठ्ठ्याण्णवनंतर ‘एकोणशंभर’ म्हणते. आपण हसतो. परंतु मुलाने शिकलेला नियम अचूक लावलेला असतो. नियम मोडला आहे तो भाषेने. बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ साली प्रचलित संख्यानामांसोबत ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी वाचनपद्धती आली, तेव्हा महाराष्ट्रभर मोठा वाद झाला. गणित विषय समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी या बदलामागील कारणे मांडली होती. बदल कोणाला रुचो वा न रुचो, मुलाची अडचण खरी असू शकते हे त्या वादाने घराघरांत पोहोचविले.

पुढील इयत्तांतही हेच घडते. ०.१५ आणि ०.५ यांत मोठी संख्या कोणती, असे विचारल्यास कित्येक मुले ०.१५ म्हणतात, कारण पंधरा पाचाहून मोठे असतात. पूर्ण संख्यांच्या बाबतीत हा नियम खराच आहे. मुलाने तो जेथे लागू नाही तेथे नेला आहे. अशा वेळी दहा उदाहरणे पुन्हा सोडवून घेतल्याने लाभ होत नाही. एक मीटर लांबीच्या कागदी पट्टीवर ०.१५ मीटर म्हणजे १५ सेंटिमीटर आणि ०.५ मीटर म्हणजे ५० सेंटिमीटर अशा खुणा मुलाने स्वतः केल्या, की त्याचे त्यालाच उमगते.

गैरसमज दुसरा : बरोबर उत्तर सांगितले की चूक जाते

१९८७ साली अमेरिकेत तयार झालेल्या एका माहितीपटात हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभाच्या वेळी तेथील विद्यार्थी, माजी विद्यार्थी व प्राध्यापक अशा २३ जणांना ऋतू का होतात, चंद्राच्या कला का दिसतात, असे साधे प्रश्न विचारले होते. त्यांपैकी २१ जणांनी चुकीची उत्तरे दिली. पृथ्वी सूर्याजवळ आली की उन्हाळा होतो, ही बालपणीची समजूत उच्च शिक्षणानंतरही टिकून होती. बरोबर उत्तर त्यांनी शाळेत नक्कीच ऐकले असणार. परंतु जुन्या समजुतीला कोणी हात लावला नव्हता.

ती समजूत तपासून पाहता येते. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ, म्हणजे सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर, जानेवारीच्या आरंभी असते. जुलैच्या आरंभी हे अंतर सुमारे १५ कोटी २१ लाख किलोमीटर होते. मग जानेवारीत आपल्याला स्वेटर का लागतो? हा प्रश्न पडल्यावरच कललेल्या आसाचे स्पष्टीकरण ऐकण्यास मन तयार होते. डिसेंबरच्या उत्तरार्धात कोल्हापुरात भर मध्यान्ही एक मीटर उंचीच्या काठीची सावली सुमारे ८४ सेंटिमीटर पडते. मेच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास सूर्य डोक्यावर येतो आणि सावली जवळजवळ नाहीशी होते. मे महिन्यात शाळेला सुटी असते. तेव्हा हा प्रयोग पालकांनी घराच्या अंगणात मुलासोबत अवश्य करावा.

ऊस हे आपल्या जिल्ह्याचे मुख्य पीक. ऊस आपले अन्न जमिनीतून घेतो, असे शेतकरी घरातील मूल ठामपणे सांगते. खत घालताना ते रोज तेच ऐकत असते. बेल्जियममधील व्हॅन हेल्माँट यांनी सतराव्या शतकात २०० पौंड कोरड्या मातीत विलोचे रोप लावून पाच वर्षे केवळ पाणी घातले. झाड १६० पौंडांहून अधिक वाढले. माती मात्र सुमारे दोन औंसच घटली. झाड पाण्यापासून बनते, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि तोही अपुराच होता. हवेतील कार्बन डायऑक्साइडचा वाटा पुढे उलगडला. आज आपण जाणतो की उसातील साखर हवा आणि पाणी यांपासून सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने पानांत बनते. मातीतून येतात ते पाणी आणि थोडे, पण अत्यावश्यक क्षार. शास्त्रज्ञालाही जेथे पायरीपायरीने जावे लागले, तेथे आपल्या मुलाने एका वाक्यात पोहोचावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

बौद्ध परंपरेला ही रीत नवी नाही. ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात भदंत नागसेन राजा मिलिंदाला आपले मत थेट सांगत नाहीत. महाराज पायी आलात की रथाने, असे ते विचारतात. आणि रथाने, असे उत्तर मिळताच आस म्हणजे रथ काय, चाक म्हणजे रथ काय, असे राजाचेच म्हणणे त्याच्याकडून तपासून घेतात. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली तत्कालीन औरंगाबाद येथे स्थापन केलेले महाविद्यालय याच मिलिंदाच्या नावाने ओळखले जाते. प्रश्न विचारणाऱ्याचे नाव विद्यालयाला लाभावे, यात आम्हा शिक्षकांसाठी मोठा बोध आहे.

गैरसमज तिसरा : पाठांतर म्हणजे बुद्धी

पाठांतराला आमचा विरोध नाही. पाढे, त्रिशरण-पंचशील, कविता पाठ असाव्यातच. परंतु ज्याला पाठ होत नाही तो मंदबुद्धी, हे अनुमान खोटे आहे. धम्मपदाच्या अट्ठकथेत चुल्लपंथकाची कथा येते. चार महिन्यांत त्याला एक गाथा पाठ झाली नाही, म्हणून थोरल्या भावाने, स्थविर महापंथकाने, त्याला विहारातून निघून जाण्यास सांगितले. तथागतांनी त्याला परत आणले, शुभ्र वस्त्राचा तुकडा हाती दिला आणि तो चोळत बसण्यास सांगितले. वस्त्र हळूहळू मळत गेले. ते पाहता पाहता चुल्लपंथकाला अनित्यतेचा बोध झाला आणि तो अर्हत्पदाला पोहोचला. विद्यार्थी तोच होता. शिकविण्याचा मार्ग बदलला होता.

गैरसमज चौथा : बुद्धी जन्माने ठरते

वरील तिन्ही गैरसमजांचे मूळ या चौथ्यात आहे. अमुक जातीच्या, अमुक वस्तीच्या मुलांना शिक्षण झेपणार नाही, या समजुतीने शतकानुशतके पिढ्या वाया घालविल्या. तिला कृतीने उत्तर दिले ते याच करवीर नगरीने. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून येथे वसतिगृहांची परंपरा सुरू केली. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी १९०८ साली मिस क्लार्क बोर्डिंग उभे राहिले. १९१७ साली संस्थानात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला आणि १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुले सरकारी शाळांत सर्वांसोबत बसविण्याचा हुकूम निघाला. पुढच्याच वर्षी, मार्च १९२० मध्ये, माणगाव परिषदेत महाराजांनी ज्या तरुण विद्वानाचा गौरव केला, ते डॉ. बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकून आले होते. संधी मिळाली की काय घडते, याचा याहून मोठा पुरावा कोणता हवा?

हा गैरसमज आजही जिवंत आहे. त्याने केवळ वेश बदलला आहे. ‘याच्या घरात कोणी शिकलेले नाही’, ‘याला गणित जमणारच नाही’ ही वाक्ये त्याचीच रूपे आहेत. कित्येकदा ती मायेपोटी आई-वडीलच उच्चारतात. मूल ती ऐकते, खरी मानते आणि प्रश्न विचारणे थांबविते. गप्प बसलेल्या मुलाची चूक दिसत नाही, म्हणून ती सुधारतही नाही.

आपण काय करावे

शिक्षकांनी चुकीवर लाल रेघ ओढण्यापूर्वी ‘हे तू कसे काढलेस?’ एवढा एक प्रश्न विचारावा. हा प्रश्न बरोबर उत्तर देणाऱ्यासही विचारावा, म्हणजे तो दरडावणीचा वाटणार नाही. लीलाताई पाटील यांनी १९८५ साली कोल्हापुरात सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयाने भीतीवाचून शिकता येते, हे आपल्याच गावात दाखवून दिले आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानेही शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई केली आहे. भयाखाली मूल उत्तर लपविते, आणि लपलेला विचार सुधारता येत नाही.

पालकांना आमची विनंती आहे, की भेटीच्या दिवशी ‘किती गुण मिळाले?’ याआधी ‘कोणता प्रश्न अडला?’ असे विचारावे. ज्यांना अक्षरओळख नाही, अशा माता-पित्यांनाही हे सहज करता येईल. मुलाने समजावून सांगावे आणि त्यांनी ऐकावे, एवढेच त्यात आहे. माजी विद्यार्थ्यांनी शाळेत येताना यशाबरोबर आपल्या अडलेल्या जागांविषयीही मुलांशी बोलावे. आज अभियंता, परिचारिका वा शिक्षक झालेल्या ताईला किंवा दादाला एके काळी दशांश अपूर्णांक उमगत नव्हते, हे कळल्यावर मागच्या बाकावरील मुलाचा हात वर जातो.

तो हात वर जावा आणि त्याचे उत्तर शेवटपर्यंत ऐकले जावे, यासाठीच ही शाळा आहे.