काकवी : उसाच्या रसाचा पाक

साखरेचा पाक टिकतो तो त्याच्या दाटपणामुळे. सूक्ष्मजंतूंच्या वाढीस लागणारे पाणी साखरेने बांधून ठेवलेले असते. म्हणूनच फळांच्या सिरपमध्ये विद्राव्य घन पदार्थ किमान ६५ टक्के असावेत, असा अन्नमानकांचा दंडक आहे. उसाचा रस आटवून केलेली काकवी याच जातीची होय. कोल्हापूर, सातारा, सांगली या भागांतील गुऱ्हाळांवर ती पिढ्यान्‌पिढ्या होत आली. परंतु गुळाच्या आदणातून घरापुरती काढून घ्यावयाची वस्तू, एवढेच स्थान तिला मिळाले. अशी काकवी पुष्कळदा आंबते किंवा तळाशी खडे धरते. या दोषांचे मूळ बहुधा ती काहिलीतून केव्हा काढली, यात असते.

गाळलेला रस चुलवाणावरील काहिलीत तापू लागला की त्यात रानभेंडीच्या ठेचलेल्या खोडाचे चिकट पाणी घालतात. रसातील गाळ त्यात अडकून फेसाबरोबर वर येतो. ही मळी वेळीच काढली नाही तर काकवी काळपट होते. (साखर कारखान्यातील मळी निराळी, ती साखर काढून घेतल्यावर उरलेला द्रव होय.) गुळासाठी पाक सुमारे ११८ अंश सेल्सिअसपर्यंत चढवावा लागतो, काकवी मात्र १०५ ते १०६ अंशांस काढावी. त्याआधी काढल्यास पाणी अधिक राहून ती आंबते. फार उशीर झाल्यास साखरेचे स्फटिक बनतात. अनुभवी गुळव्या हे धारेवरून ओळखतो, तथापि विक्रीसाठी काकवी करणाऱ्या बचत गटाने तापमापक बाळगणे अगत्याचे आहे. प्रत्येक आदण सारखे उतरावे, ही ग्राहकाची रास्त अपेक्षा असते.

स्फटिक टाळण्यासाठी १०० किलो काकवीस ४० ग्रॅम सायट्रिक आम्ल पुरते. आम्लामुळे साखरेचा काही अंश ग्लुकोज व फ्रुक्टोज यांत विभागला जातो आणि मिश्रण सहजी गोठत नाही. त्यानंतर १० ते १५ दिवस ती स्थिर ठेवून, गाळ खाली बसल्यावर, निवळ भाग कोरड्या व निर्जंतुक बाटल्यांत भरावा. ओली बाटली सारी मेहनत वाया घालवते.

भाकरी, घावन, आंबोळी यांबरोबर काकवी रुचकर लागते. तीत थोडे लोह व कॅल्शियम असते. परंतु तिचा मुख्य घटक साखरच आहे, हे मधुमेही व्यक्तींना तसेच शालेय आहाराचा विचार करणाऱ्यांना स्पष्ट सांगितले पाहिजे.